मागच्या कंपनीचा रकाना

सुभाष, तुझ्या मोबाइलवर आयकर खात्याचे मेसेज कालपर्यंत येत होते. वहिनींनी मोबाइल चालू ठेवलाय, कारण शिरपूरकडचा कोणी ना कोणी अजून फोन करतो, ज्याला तू गेल्याचं कळलेलं नसतं. पण नेमानं आठवण काढायचं ते आयकर खातंच. 'प्रिय करदाता' म्हणायचं आणि बजावायचं की तुमचं विवरणपत्र भरायचं राहिलंय, डिसेंबर संपायच्या आत भरा. वहिनींना ते इंग्रजी वाचता येत नाही. मग त्या मला बोलवायच्या. मी सामरवरणीला तुमच्या घरी जायचो, दिवाणाच्या कडेवर टेकायचो, तुझा मोबाइल हातात घ्यायचो आणि घाबरण्यासारखं काही नाही असं त्यांना सांगायचो.

तेराव्यानंतर असा तीनदा जाऊन आलो. तू जिवंत होतास त्या शेवटच्या चार महिन्यांत मात्र एकदाही आलो नाही. घरांमध्ये अंतर किती, तर चालत बारा मिनिटं.

दहाव्याला तुझ्या कंपनीतले आले होते. त्यांच्यातला एक म्हणाला, फार मनमिळाऊ माणूस होता. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. तू कसला मनमिळाऊ? रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडायचास आणि भांडण जिंकल्यावर त्यालाच चहा पाजायचास. वासोण्याच्या सिंह सफारीत तर तू तिथल्या माणसाशी भांडलास, की दर वेळी सिंह झोपलेलाच दाखवता म्हणून. गावाकडून कोणी पाहुणा आला की त्याला तिथे न्यायचास आणि वर म्हणायचास, "हा सिंह बी आपल्यासारखाच, नाइट शिफ्ट करून आला." पाहुणे हसायचे. मी तो विनोद निदान आठ वेळा ऐकला आणि आठही वेळा तोंड वाकडं केलं. आज नववी वेळ आली असती तर मी पहिला हसलो असतो.

आपण एकाच कंपनीत लागलो होतो, तू धाग्याच्या मशिनवर आणि मी टाइम ऑफिसात, हजेरीच्या कामावर. तू खानदेशचा, मी डहाणूचा. खोली एक, स्टोव्ह एक, आणि तुझी ती शेवभाजी, जिच्यामुळे माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं नि तू म्हणायचास की घरची आठवण येतेय वाटतं. माझे वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा भर दुपार होती. तू कोणालाही न विचारता मशिन सोडलंस, कोणाची तरी मोटरसायकल घेतलीस आणि मला मागे बसवून डहाणूला घेऊन गेलास. त्या महिन्यात तुझा हजेरी बोनस कापला गेला. तू मला कधी सांगितलं नाहीस, पण मला माहीत होतं, कारण मस्टरवर तुझ्या नावापुढे त्या दिवसाची गैरहजेरी मीच लावली होती. साहेब समोर बसले होते, नाहीतर लावली नसती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो.

त्यानंतर तू कंपन्या बदलत गेलास आणि मी जागचा हललो नाही. आपलं खरं भांडण ते होतं आणि ते कधी संपलं नाही. "काय भो मधू, एकोणीस वर्षं एकाच खुंट्याले बांधलेला. चारा तरी बदलून पाह्य." असं तू म्हणायचास. मी म्हणायचो, तुझं एक ना धड, भाराभर चिंध्या. तुझी ग्रॅच्युइटी कधी पिकत नाही, कुठल्या साहेबाला तुझं नाव धड पाठ होत नाही. त्यावर तू विचारायचास, "तुझ्या साहेबाले पाठ हाय ना तुझं नाव? मग पगार किती वाढवला त्यानं?" आपल्या दोघांत बरोबर कोण होतं ते अजूनही मला ठरवता येत नाही, आणि आता ठरवून करायचं तरी काय.

शेवटची उडी मात्र खरंच मोठी होती. शिफ्ट इनचार्ज, स्वतःचं टेबल. मागच्या कंपनीत तुला बासष्ट हजार मिळत होते आणि तू मुलाखतीत सत्तर सांगितलेस. त्यात तू काही जगावेगळं केलं नव्हतंस. इथल्या कारखान्यांची ती रीतच आहे. जाणारा मागचा पगार फुगवून सांगतो, घेणाऱ्याला ते ठाऊक असतं, तो मनातल्या मनात थोडे कापतो आणि मग दोघं आकड्यावर येतात. तुला ब्याऐंशी मिळाले. तुझ्या लेकीच्या, प्रणालीच्या कॉलेजचा खर्च त्यातून निघणार होता, म्हणून तुला ती नोकरी हवीच होती.

रुजू होण्याच्या आदल्या संध्याकाळी तू कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आलास. त्या दिवशी मी केलेलं आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुला ठाऊक होतं, आणि मला आहे. आता फक्त मला आहे.

फॉर्म भरता भरता तू थांबलास. "इथं काय लिहू भो? या वर्षात मागच्या कंपनीनं दिलेला पगार मागून राहिले."

आणि मी म्हणालो, रिकामा सोड.

तुझ्यासमोर मी तेव्हा ते फार हुशारीनं समजावलं होतं. खरा आकडा लिहिलास तर सत्तर कुठून आले म्हणून विचारतील. खोटा लिहिलास तर सहीनिशी खोटं होईल. रिकामा रकाना कोणी वाचत नसतं. तू विचारलंस की टॅक्सचा काही लफडा तर नाही ना होणार. मी म्हणालो, होऊन होऊन किती होईल, रिटर्न भरताना बघू, मी आहे ना.

सुभाष, तोच फॉर्म आमच्या कंपनीत नव्या माणसांना मी देतो. प्रत्येकाला सांगतो की हा रकाना भरा, नाहीतर वर्षाअखेरीस गळ्याशी येईल. काल रुजू झालेल्या, नावही नीट माहीत नसलेल्या पोरांना सांगतो. आणि तुला सांगितलं रिकामा सोड. परक्याला नियम सांगायचा आणि आपल्या माणसाला युक्ती, यालाच मी जिव्हाळा समजत होतो. तू माझ्याकडे शहाणा म्हणून आला होतास आणि मला शहाणपण दाखवायचं होतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा म्हणतात तसा मी होतो, पण ते अर्धं हळकुंडही खरं तर पुरेसं होतं, मी ते वापरलं नाही.

काय होतं ते मला माहीत होतं. एका मर्यादेपर्यंत पगारदाराला कर लागत नाही. मागच्या कंपनीनं हिशेब केला, याचा वर्षाचा पगार मर्यादेच्या आत, म्हणून तिनं काही कापलं नाही. नव्या कंपनीला वाटलं याचा पगार तर सहाच महिन्यांचा, तोही आत, म्हणून तिनंही काही कापलं नाही. सूट दोघींनी आपापली पूर्ण दिली. कोणी चुकलं नाही. फक्त दोन्ही पगार एकत्र मांडले की तू मर्यादेच्या बाहेर जात होतास आणि मग कर मर्यादेवरच्या तेवढ्या पैशांवर नव्हे, बराच खालपासून लागतो. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो. तू दोन्ही घरी जेवलास, आणि ताटाचे पैसे शेवटी सगळे एकदम तुझ्याकडे मागितले गेले.

पुढच्या जुलैत रिटर्न भरायला तू फरसाण घेऊन आलास. तुझ्या शिफ्टमधल्या सगळ्यांना परतावा आला होता, म्हणून तुलाही येणारच असं तू धरून चालला होतास. त्या पैशातून वहिनींना मिक्सर घ्यायचा होता. मी कॉम्प्युटर लावला. दोन्ही कंपन्यांचे पगार तिथे आधीच भरून आलेले होते, आपल्याला काही लिहायचं उरलंच नव्हतं. खाली आकडा आला बत्तीस हजार सहाशे आणि वर काही. तू चष्मा लावून वाकलास.

"हे कोनाचं बिल आलं भो? नाव तं माझं दिसून राहिलं."

तो एक क्षण होता, जेव्हा मला म्हणता आलं असतं की सुभाष, माझं चुकलं, अर्धे मी भरतो. तू दोन शिव्या दिल्या असत्यास, अर्धे घेतलेही नसतेस, आणि फरसाण संपवून आपण उठलो असतो. त्याऐवजी मी काय म्हणालो? कंपनीनं कापायला हवा होता. त्यांचं काम आहे ते. जा, भांड त्यांच्याशी.

भांडायला तुला कोणी सांगावं लागत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यातून मी स्वतःची सुटका करून घेतली. तिथे अकाउंटवाले तुला दोन दिवस घुमवतील, तू कंटाळशील, पैसे भरशील आणि माझ्यापर्यंत काही येणार नाही, असा माझा अंदाज होता. तो अंदाजही चुकला.

तिसऱ्या दिवशी तू आलास आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिलास. आत ये म्हटलं तरी आला नाहीस.

"फॉर्म काढला त्यांनी फायलीतून. साहेबानं त्या रकान्यावर बोट ठेवलं. बोलला, यहाँ क्यूँ नहीं लिखा? मग मागच्या कंपनीचा कागद मागितला. बासष्ट पाह्यले त्यानं. मले बोलता नै आलं, मधू. चार पोरं उभी होती माझ्या शिफ्टची, त्यांच्यासमोर."

तू अजून काही म्हणाला नव्हतास. माझं नावही घेतलं नव्हतंस. पण चोराच्या मनात चांदणं. मी आपणहून म्हणालो, "मग मी काय करू? सही तुझी आहे."

तू माझ्याकडे पाहिलंस. राग नव्हता त्यात, राग असता तर मला बरं वाटलं असतं. "हौ," म्हणालास, "सही माझीच हाय." आणि चपला तर पायातच होत्या, तसाच वळून गेलास.

हे आपलं शेवटचं बोलणं. त्यानंतर दिवाळी आली. तुमच्याकडून दर वर्षी यायचा तो अनारशांचा डबा प्रणाली देऊन गेली, तू आला नाहीस. आमच्याकडून चकल्या गेल्या, मी गेलो नाही. एकदा खेरडीच्या रस्त्याला तू भाजीवाल्यापाशी गाडी लावून उभा दिसलास. मी हेल्मेटची काच खाली केली. तू मला ओळखलंस की नाही, कळलं नाही. माझी गाडी तुला लांबून आवाजावरून कळायची, म्हणजे ओळखलंच असशील.

मग नोव्हेंबरात, सकाळच्या शिफ्टला, कँटीनमध्ये तू चहाचा ग्लास उचललास आणि खाली बसलास, तो बसलासच. सिव्हिलमध्ये नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नस बरीच वर्षं बुजत आली होती, बाहेरून कळलं नसतं. मी त्यांना दोनदा विचारलं, अलीकडे काही ताण झाला असेल तर त्यानं होतं का असं? ते म्हणाले, ताण कोणाला नाही. हे उत्तर मी किती वेळा मनात घोळवलं. त्यातून सुटकाही होत नाही आणि शिक्षाही.

तेराव्यानंतर पहिल्यांदा मेसेज वाचायला गेलो, तेव्हा प्रणालीनं मला आतल्या खोलीत बोलावलं. तिनं तिच्या मोबाइलवर एक पत्र दाखवलं. "काका, हे पप्पांनी माझ्याकडून टाइप करून घेतलं होतं. कंपनीनं माफीनामा मागितला होता, इंग्लिशमधून. मी बोलली, इतकं सॉरी कशाला लिहायचं, तुम्ही काय चोरी केली का? तर बोलले, तू टाइप कर बस. याच्यात काय मॅटर होता, तुम्हाला माहितीये?"

त्या पत्रात तू लिहिलं होतंस की मी माझा आधीचा पगार चुकीचा सांगितला आणि जाणूनबुजून रकाना रिकामा ठेवला, याबद्दल मी दिलगीर आहे, पुन्हा असं होणार नाही. त्या वर्षाची पगारवाढ तुझी थांबवली होती, हेही मला तेव्हाच कळलं. आयुष्यभर ज्यानं दहा रुपये सोडले नाहीत, त्यानं स्वतःच्या मुलीला समोर बसवून एकेक शब्द सांगितला आणि तिनं तो टाइप केला. त्यात 'कोणाच्या तरी सांगण्यावरून' एवढं घातलं असतंस तर कोणी तुला अडवणार नव्हतं. मी प्रणालीला म्हणालो, कंपनीचं असतंच असं काहीतरी, तू अभ्यासाकडे बघ.

विवरणपत्र तुझं अजून भरायचंच होतं. जुलैत आपण ते अर्धवट सोडून उठलो होतो आणि नंतर तू हात लावला नव्हतास. मेलेल्या माणसाचंही भरावं लागतं, वारसानं. त्यासाठी वहिनींचं नाव वारस म्हणून आधी लावावं लागतं. मृत्यूचा दाखला, तुझं पॅन कार्ड, वारसाचा कागद. वहिनींना घेऊन मी मामलतदार कचेरीत तीन खेपा घातल्या. तिथल्या बाकावर बसून त्या रिक्षाच्या भाड्याचे पैसे माझ्या हातात कोंबत होत्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "ते असते तं तुमाले देऊ दिले असते का? मग माझ्याकडून घ्या."

काल सगळं जमलं. दंड आणि व्याज धरून आकडा चाळीस हजारांच्या वर गेला होता. मी घरून चेकबुक घेऊन गेलो होतो. रस्ताभर वाक्य घोटत होतो. वहिनी, हे पैसे मी भरतो, कारण तो रकाना रिकामा सोडायला मीच सांगितलं होतं. इतकंच वाक्य. आमच्या कंपनीत मी रोज याहून लांब वाक्यं बोलतो.

मी एवढंच म्हणू शकलो की वहिनी, हे पैसे मी भरतो.

त्या एकदम ताठ झाल्या. "नै भाऊजी. तुमी कशाले? त्यांनी मले सगळं सांगितलं होतं."

खरं सांगतो, सुभाष, मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, माहीत आहे यांना. आता बोलतील. चार शब्द ऐकून घेऊ.

वहिनी म्हणाल्या, "ते सांगत होते, मधूनं मले बजावलं होतं, तो रकाना भर म्हनून. मीच नै ऐकलं म्हने, मलेच पगार लपवायचा होता. वरून त्याच्याशीच भांडून आलो, आता कोनत्या तोंडानं जाऊ? चार महिने याच्यातच होते ते. मी म्हनायची, जा ना, भाऊजी काय परके हायेत का. तं म्हनायचे, जाईन."

असं का सांगितलंस? आपली बायको मधूला शिव्या देईल, दोन घरांचं येणंजाणं तुटेल, म्हणून? की दुसऱ्याच्या सांगण्यावरून फसलो हे तुला घरी कबूल करायचं नव्हतं, आपण होऊन फसलो म्हणणं तुला जास्त शोभेल असं वाटलं? तुझा स्वभाव बघता दुसरंही असू शकेल. दुसरंच असू दे, असं मी मनात म्हणतो, म्हणजे मग तू माझ्यावर उपकार केलेस असं होणार नाही. पण मस्टरवरच्या त्या गैरहजेरीबद्दलही तू कधी काही बोलला नव्हतास, म्हणून पहिलंच खरं असावं असं मला वाटतं.

पैसे तुझ्या फंडातून आलेल्या रकमेतून गेले. वहिनींनी ते प्रणालीच्या पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवले होते. तुझ्या मोबाइलवर सहा आकड्यांचा ओटीपी आला आणि त्यांनी एकेक आकडा बोटानं दाखवत मला वाचून दिला. विवरणपत्र दाखल झालं. आता ते मेसेज बंद होतील, मी त्यांना सांगितलं. त्यांनी मोबाइल पदरानं पुसला आणि तुझ्या फोटोखाली ठेवला.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एक डाव तरी तुमचं ऐकलं असतं त्यांनी, नै का भाऊजी?"

मी हो म्हणालो. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी बसून राहिलो, आणि चहा घेऊनच निघालो.